आधी दाते, मग वीज : जुन्या मोटारीच्या पायखटक्याची दुरुस्ती

पिंपळे गुरव, प्रतिनिधी

जुन्या रिक्षातून फिरलेल्या पुणेकरांना एक दृश्य हमखास आठवत असेल. रिक्षा बंद पडली, की चालक खाली वाकून जमिनीलगतचा लोखंडी दांडा जोरात ओढीत असे. पहिला हिसका वाया जाई, दुसराही जाई आणि तिसऱ्याला इंजिन धडधडू लागे. चालकाच्या दंडातली ताकद दांड्यावाटे थेट इंजिनापर्यंत पोहोचत असे. आज मोटारीत बसून बोटाने बटण दाबले, की इंजिन सुरू होते. मधले काम कोण करते, हे जाणून घेण्याची गरज कुणाला भासत नाही.

हातातला दांडा आणि बोटाखालचे बटण यांच्या मध्ये यंत्रविद्येचा आणखी एक टप्पा होऊन गेला. त्या टप्प्यावरच्या मोटारींत इंजिन फिरवण्याचे काम विजेचे असे. पण वीज केव्हा द्यायची आणि दात्यांत दाते केव्हा अडकवायचे, हे चालकाच्या पायाने ठरत असे. पायाखालचे पेडल, त्याला जोडलेली दांडी, दांडीच्या टोकाची लिव्हर आणि लिव्हरखाली सेल्फ, म्हणजेच स्टार्टर मोटार, अशी ही साखळी. इंग्रजी पुस्तकांतून आलेला ‘लिंकेज’ हाच शब्द तिच्यासाठी आपल्याकडच्या गॅरेजांतही रूढ आहे. जुनी मोटार पुन्हा रस्त्यावर आणताना रंग, क्रोम आणि सीटकव्हरवर हजारो रुपये खर्च होतात. या साखळीकडे मात्र शेवटी लक्ष जाते. ती नीट दुरुस्त झाली नाही, तर इंजिनाच्या फ्लायव्हीलचे दाते खाल्ले जातात आणि तो खर्च मोठा असतो. म्हणूनच या छोट्या यंत्रणेची ओळख करून घेणे आवश्यक ठरते.

हँडलपासून सेल्फपर्यंत

मोटारीच्या पहिल्या काही दशकांत इंजिन सुरू करायचे म्हणजे पुढे उभे राहून हँडल मारायचे. ठिणगी वेळेआधी पडली, की हँडल उलटे फिरे आणि मनगट मोडे. अंगठा मुठीवरून न वळवता इतर बोटांच्याच बाजूला ठेवावा, ही शिकवण त्याच अनुभवातून आली. अमेरिकेतील डेटन शहरी चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने यावर तोडगा काढला. त्याने आधी दुकानातील गल्लायंत्राला विजेची मोटर बसवली होती. थोडाच वेळ चालणारी लहान मोटर त्या क्षणापुरता मोठा भार सहज पेलू शकते, हे त्याला तेथे उमगले होते. तेच तत्त्व मोटारगाडीला लावून तयार झालेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅकच्या १९१२ च्या मॉडेलमध्ये प्रथम आला. पुढच्या दहा वर्षांत हँडलचे महत्त्व संकटकाळापुरते उरले.

पण इंजिन सुरू झाल्यावर सेल्फचे काय करायचे, हा प्रश्न उरलाच. सेल्फच्या टोकाला लहान दातेरी चाक असते, त्याला पिनियन म्हणतात. ते फ्लायव्हीलच्या मोठ्या दातेरी रिंगमध्ये अडकते. रिंगचे दाते पिनियनच्या साधारण दहा ते पंधरा पट असतात. याचा अर्थ असा, की इंजिन मिनिटाला हजार फेऱ्यांनी चालू झाले आणि पिनियन अडकूनच राहिले, तर सेल्फच्या आर्मेचरला मिनिटाला दहा ते पंधरा हजार फेऱ्या घ्याव्या लागतील. आर्मेचरच्या तारा अशा वेगाने उपसून बाहेर येतात. पिनियन वेळेवर आत जावे आणि वेळेवर बाहेर यावे, यासाठी तीन पद्धती निघाल्या.

पहिली बेंडिक्सची. यात पिनियन आट्यांच्या दांड्यावर बसवलेले असते. मोटर झटक्यात फिरली, की ते आपल्या जडत्वामुळे मागे राहते आणि आट्यांवरून सरकून रिंगमध्ये शिरते. इंजिन सुरू होताच रिंगच त्याला बाहेर ढकलते. येथे चालकाला फक्त विजेचा स्विच दाबायचा असतो. फोर्डच्या मॉडेल ए मध्ये (१९२८ ते १९३१) जमिनीवरचे बटण दाबले, की एक दांडी थेट सेल्फच्या डोक्यावरचा स्विच दाबत असे. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपलाही पायाने दाबण्याचाच स्विच होता.

दुसरी पद्धत आपल्या विषयाची. यात पिनियन पुढे ढकलण्याचे आणि स्विच दाबण्याचे, अशी दोन्ही कामे पायाच्या एकाच दाबाने होतात. तिसऱ्या पद्धतीत पायाची जागा सोलेनॉइड नावाच्या विद्युतचुंबकाने घेतली आणि पेडलच्या जागी डॅशबोर्डवरचे बटण वा किल्ली आली. अमेरिकेत १९४९ मध्ये क्रायस्लरने किल्ली फिरवून इंजिन सुरू करण्याची सोय आणली. त्यानंतर पायखटका हळूहळू इतिहासजमा झाला. युरोपातील छोट्या मोटारींत त्याचा हाताने ओढण्याचा भाऊबंद बराच काळ टिकला. १९५७ मध्ये इटलीत आलेल्या नव्या फियाट ५०० मध्ये दोन आसनांच्या मध्ये दोन छोटे खटके असत. एक चोकचा आणि दुसरा सेल्फचा.

येथे शब्दांचा एक घोळ ध्यानात ठेवावा. आपल्याकडच्या गॅरेजांत पिनियनच्या कोणत्याही जुळणीला सरसकट ‘बेंडिक्स’ म्हणतात. सुटा भाग मागवताना मात्र आपली गाडी खऱ्या बेंडिक्सची आहे, की लिव्हरने ढकलण्याच्या पद्धतीची, हे आधी पाहिले पाहिजे. दोन्हींची दुरुस्ती वेगळी असते.

शिवडीच्या शेवरले

महाराष्ट्रात पायखटक्याच्या मोटारी बऱ्याच आढळतात, त्याला एक ऐतिहासिक कारण आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे मोटारींची जुळणी सुरू केली. सुटे भाग जहाजाने येत आणि शेवरलेसारख्या गाड्या येथे उभ्या राहत. देशात प्रत्यक्ष उत्पादन न करता केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांना सरकारी धोरणात जागा उरली नाही, तेव्हा १९५४ मध्ये हे काम थांबले. दरम्यानच्या पाव शतकात संस्थानिक, वकील, डॉक्टर, साखर कारखानदार यांच्या दारी या गाड्या पोहोचल्या. मालवाहू ट्रकही त्यात होते. १९४० च्या दशकातील शेवरले मोटारींत पायाने दाबायचा, पिनियन ढकलणारा सेल्फ असे. १९४९ च्या मॉडेलपासून मोटारींत त्याची जागा बटणाने घेतली, ट्रकमध्ये तो त्यानंतरही काही वर्षे राहिला.

शेवरले हे नाव या पट्ट्यात पुन्हा एकदा येऊन गेले. २००८ मध्ये तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला. २०१७ अखेर कंपनीने भारतातील विक्री थांबवली, डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादन बंद झाले आणि पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. शिवडीच्या शेवरलेचे सुटे भाग ना त्या कारखान्यात बनत होते, ना आजच्या कोणत्या विक्रेत्याकडे मिळतात. ते करून घ्यावे लागतात.

करून घेण्याची सोय मात्र याच परिसरात आहे. पिंपळे गुरव ही आज पवनेकाठची दाट निवासी वस्ती. पण कासारवाडीमार्गे नाशिक फाटा ओलांडला, की भोसरीची औद्योगिक वसाहत लागते. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि त्यानंतर टेल्को, बजाज यांच्यासारख्या कारखान्यांभोवती लेथ, मिलिंग, ग्राइंडिंग आणि हीट ट्रीटमेंटची असंख्य लहान शेड उभी राहिली. जुन्या मोटारीच्या लिंकेजला जे जे लागते, ते सारे या शेडमध्ये होते. अडचण एकच. हजार नगांच्या ऑर्डरीची सवय झालेल्या सीएनसी यंत्राला एका पिनेचे काम परवडत नाही. त्यासाठी हातलेथवर काम केलेला, नमुना पाहून माप ओळखणारा टर्नर लागतो आणि अशा कारागिरांची पिढी आता निवृत्तीला आली आहे.

साखळी कशी चालते

पेडल दाबले, की दांडी सरकते आणि सेल्फवरची लिव्हर आपल्या खिळीभोवती फिरते. लिव्हरच्या खालच्या टोकाला दोन बोटांचा फोर्क असतो. तो पिनियनला धरून रिंगकडे ढकलतो. लिव्हरचे वरचे अंग त्याच वेळी सेल्फच्या डोक्यावर बसवलेल्या स्विचच्या बटणाकडे येत असते. फोर्कने आपले काम संपवले, की मगच वरचे अंग स्विच दाबते. बॅटरीचा प्रवाह मोटरमध्ये जातो आणि इंजिन फिरते. पाय उचलला, की परतीची स्प्रिंग सारे मागे आणते; आधी वीज तुटते, मग पिनियन सुटते.

आधी दाते, मग वीज, या क्रमावर सारे अवलंबून आहे. क्रम चुकला आणि मोटर आधी फिरू लागली, तर फिरते पिनियन स्थिर रिंगवर घासते. प्रत्येक वेळी थोडे थोडे पोलाद झिजते. काही महिन्यांत दात्यांच्या कडा गोल होतात.

एक शंका वाचकाच्या मनात येईल. पिनियनचा दाता रिंगच्या नेमक्या दात्यावरच आला, तर तो आत कसा जाणार? त्यासाठी पिनियनच्या मागे एक दाबाची स्प्रिंग दिलेली असते. दाता दात्यावर अडला, तरी स्प्रिंग दबते आणि लिव्हर पुढे जाऊन स्विच लावते. मोटर किंचित फिरताच पिनियन समोरच्या खाचेत उडी घेते. ही स्प्रिंग मोडली वा मऊ पडली, की सेल्फ अधूनमधून अडतो.

पिनियनला लागूनच एकेरी फिरणारा रोलर क्लच असतो. मोटर इंजिनाला फिरवू शकते, पण इंजिन मोटरला फिरवू शकत नाही, अशी त्याची रचना. पाय उचलायला क्षणभर उशीर झाला, तरी आर्मेचर वाचते ते त्याच्यामुळे.

झीज अलीकडे, की पलीकडे?

दुरुस्तीची पहिली पायरी निदानाची आहे आणि बहुतेक चुका येथेच होतात. साखळीत चार-पाच सांधे असतात. प्रत्येक सांध्यात पिन झिजते आणि भोक लांबट होते. समजा, पाच सांध्यांत प्रत्येकी अर्धा मिलिमीटर ढिलाई आहे. तर एकूण अडीच मिलिमीटर हालचाल वाया गेली. लिव्हरच्या प्रमाणानुसार पेडलपाशी ती आणखी जास्त जाणवते. पण ही ढिलाई कोठे आहे, त्यावर तिचा परिणाम ठरतो.

पेडलपासून लिव्हरपर्यंतच्या सांध्यांत झीज असेल, तर पेडल जमिनीला टेकते तरी लिव्हर पूर्ण फिरत नाही. मग स्विच लागत नाही, किंवा अर्धवट लागून ठिणग्या पडतात आणि तांब्याचे पॉइंट जळतात. याउलट लिव्हरची खिळी, फोर्कची बोटे किंवा पिनियनची कॉलर झिजली असेल, तर लिव्हर पूर्ण फिरते, स्विच वेळेवर लागतो. पण पिनियन मागे राहते. म्हणजेच वीज आधी आणि दाते नंतर.

पहिल्या प्रकारच्या झिजेवर एक सोपा पण घातक उपाय केला जातो. लिव्हर आणि स्विच यांच्यामध्ये जुळवणीचा स्क्रू असतो. तो बाहेर काढला, की स्विच लवकर लागतो आणि गाडी पुन्हा चालू होऊ लागते. मालक समाधानाने गाडी घरी नेतो. प्रत्यक्षात क्रम बिघडवलेला असतो आणि पेडलच्या शंभर रुपयांच्या पिनेचा दोष फ्लायव्हीलच्या रिंगवर ढकललेला असतो. पेडलपाशी बिघाड असेल, तर दुरुस्ती पेडलपाशीच झाली पाहिजे. स्क्रूला हात लावायचा तो सर्व सांधे घट्ट झाल्यावर.

आवाजावरूनही बरेच कळते. पेडल दाबताच करकर आवाज येऊन मग इंजिन फिरले, तर पलीकडची झीज किंवा रिंगचे दाते. सेल्फ भरधाव फिरतो, पण इंजिन हलत नाही, तर रोलर क्लच निसटतो आहे. नुसता ‘खट्’ आवाज येतो, तर पॉइंट, तारा किंवा बॅटरी. पाय उचलल्यावरही घरघर चालू राहते, तर परतीची स्प्रिंग किंवा कोठेतरी अडकलेली दांडी. आणि पेडल पूर्ण दबत नसेल, तर काही उघडण्यापूर्वी पेडलखालचा गालिचा उचलून पाहावा. हौसेने घातलेला जाड गालिचाही पेडलची चाल खातो.

खोलण्यापूर्वी

पायखटक्याच्या गाडीत बॅटरीची जाड तार थेट सेल्फच्या स्विचपर्यंत आलेली असते. तिच्यात मध्ये फ्यूज नसतो आणि इग्निशनची किल्ली बंद केली, तरी तिच्यात वीज असतेच. पाना निसटून चासीला लागला, तर मोठा भडका उडतो. म्हणून आधी बॅटरीची अर्थिंगची तार सोडवावी. जुन्या गाड्यांत काहींचे धन टोक आणि काहींचे ऋण टोक चासीला जोडलेले असते. सवयीने गृहीत न धरता पाहून घ्यावे. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना दगड वा लाकडी ठोकळे लावलेले असावेत. या गाड्यांना गिअरमध्ये असताना सेल्फ अडवणारी कोणतीही सोय नसते. गिअर पडलेला असताना कुणी पेडल दाबले, तर गाडी पुढे उडी घेते.

मग प्रत्येक सांध्याची छायाचित्रे काढावीत, दांडीची लांबी आणि तिच्या आट्यांवर नट कोठे होता ते मोजून लिहावे. प्रत्येक पिन, वॉशर आणि स्प्रिंग वेगळ्या पिशवीत चिठ्ठीसह ठेवावी. झिजलेला भागही टाकू नये. टर्नरसाठी तोच नमुना असतो. पिनेच्या न घासलेल्या टोकाला तिचे मूळ माप शिल्लक असते.

पिना, भोके आणि बुश

नुसती नवी पिन घालून काम भागत नाही, कारण भोक गोल राहिलेले नसते. दोन मार्ग आहेत. भोक रीमरने थोडे मोठे पण गोल करून त्या मापाची जाड पिन घालणे, हा पहिला. भोक आणखी मोठे करून त्यात गनमेटलचा बुश ठोकणे आणि मूळ मापाची पिन वापरणे, हा दुसरा. दुसरा अधिक चांगला, कारण पुढची झीज बुशवर येते आणि मूळ लिव्हर शाबूत राहते. पेडलच्या बाजूचे पोलादी भाग वेल्डिंगने भरून पुन्हा भोक पाडता येतात. सेल्फचे पुढचे घर बहुधा बिडाचे असते. त्यावर नेहमीचे वेल्डिंग केल्यास तडा जाण्याची भीती असते. तेथे ब्रेझिंग आणि तेही जाणकार हातानेच करावे.

पिना मऊ सळईच्या करू नयेत. त्या वर्षभरात झिजतात. फार कडक केल्या, तर त्या भोक खातात. मध्यम कार्बनच्या पोलादाची, वरून ग्राइंड केलेली पिन आणि तिच्या टोकाला नवी कॉटर पिन हा सुवर्णमध्य. वाकलेली दांडी सरळ केल्यावर तिची लांबी पुन्हा मोजावी. फोर्कची बोटे झिजून चपटी झाली असतील, तर भरून कानशीने मूळ गोलाईत आणावीत.

स्प्रिंग, स्विच आणि पिनियन

परतीची स्प्रिंग बदलताना तिची मोकळी लांबी, तारेची जाडी आणि वेढ्यांची संख्या मूळ नमुन्यासारखी असावी. ‘थोडी कडक बरी’ असे म्हणून जाड स्प्रिंग घातली, तर पाय हळूहळू दाबला जातो आणि अर्धवट दाबातच खरी झीज असते.

स्विचमध्ये तांब्याची चकती आणि दोन जाड पॉइंट असतात. चकती एका बाजूने जळली असेल, तर बहुधा उलटून लावता येते. पॉइंट एकाच पातळीत कानशीने साफ करावेत. एक उंच आणि एक खाली राहिला, तर सारा प्रवाह एका कडेतून जातो. पॉइंटभोवतीचे फायबरचे वॉशर फुगलेले वा फाटलेले असल्यास हायलमच्या शीटमधून नवे कापून घ्यावेत. येथे तडजोड म्हणजे आगीला निमंत्रण.

पिनियनच्या बाबतीत आपल्या गॅरेजांची एक सवय महागात पडते. खोललेला प्रत्येक भाग रॉकेलच्या किंवा पेट्रोलच्या डब्यात बुडवायचा, ही ती सवय. रोलर क्लचमध्ये ग्रीस बनवतानाच भरलेले असते आणि ते पुन्हा भरण्याची सोय नसते. रॉकेलने ते धुऊन जाते आणि काही दिवसांत रोलर कोरडे पडून निसटू लागतात. हा भाग बाहेरून फडक्याने पुसावा. हाताने फिरवून पाहावा. एका बाजूला मोकळा फिरला पाहिजे आणि दुसऱ्या बाजूला ताबडतोब धरला पाहिजे. ज्या खाचांच्या दांड्यावर तो सरकतो, त्यावर पातळ तेलाचा नुसता हात द्यावा. तेथे जाड ग्रीस थापले, तर क्लचप्लेटची धूळ त्यात बसते आणि पिनियन अडकते.

बुश, ब्रश आणि आर्मेचर यांची तपासणी या निमित्ताने होऊन जावी. पुढचा बुश झिजला, की आर्मेचरचा दांडा तिरका होतो आणि साखळी कितीही नीट असली, तरी दाते सरळ बसत नाहीत.

रिंगचे दाते

फ्लायव्हीलची रिंग सर्वत्र सारखी झिजत नाही, ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. इंजिन बंद होताना ते कोणत्या तरी सिलिंडरच्या दाबापाशी अडून थांबते. चार सिलिंडरच्या इंजिनात अशा जागा दोन, सहा सिलिंडरच्या इंजिनात तीन. पिनियन दरवेळी त्याच जागी येते आणि तेथलेच दाते खाल्ले जातात. त्यामुळे एखादी गाडी कधी सुरळीत सुरू होते आणि कधी करकरते. हँडलने इंजिन थोडे फिरवल्यावर सेल्फ नीट चालला, तर दोष रिंगचा समजावा.

रिंग फ्लायव्हीलवर गरम करून बसवलेली असते. ती काढून थोडी फिरवून बसवली, तर न झिजलेले दाते त्या जागी येतात. काहींची रिंग उलटूनही बसते. मात्र पिनियन शिरण्याच्या बाजूला दात्यांना दिलेला उतार उलटल्यावर नव्याने द्यावा लागतो. बसवताना रिंग सर्व बाजूंनी सारखी तापवावी आणि लाल होऊ देऊ नये. अति तापली, की दात्यांना दिलेले पाणी उतरते आणि नवी झीज दुप्पट वेगाने सुरू होते. हे काम गिअरबॉक्स उतरवूनच होते. वर सांगितलेल्या स्क्रूच्या चुकीची किंमत येथे कळते.

जुळवणी

सर्व सांधे घट्ट झाल्यावर सेल्फ टेबलावर ठेवूनच जुळवणी करावी. बॅटरी न जोडता लिव्हर हाताने हळूहळू दाबावी आणि स्विचच्या दोन टोकांना मीटर वा टेस्ट लॅम्प लावावा. पिनियन आपल्या पूर्ण जागेवर जवळजवळ पोहोचल्यावरच दिवा लागला पाहिजे. त्यानंतरही लिव्हरला थोडी चाल उरावी, म्हणजे पॉइंट घट्ट दाबले जातात. लिव्हर पूर्ण दाबलेली असताना पिनियन घराच्या पुढच्या भिंतीला आपटू नये. तेथे बारीक फट हवी. तिचे नेमके माप त्या त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तकात दिलेले असते आणि तेच पाळावे. लिव्हर सोडल्यावर पिनियन रिंगपासून पूर्ण सुटले पाहिजे.

सेल्फ गाडीला लावल्यावर दांडीची लांबी अशी ठेवावी, की पाय उचललेला असताना लिव्हरवर दाब नसेल आणि पेडल जमिनीला टेकण्यापूर्वी लिव्हर आपल्या टोकाला पोहोचेल. इंजिन आपल्या रबरी पायांवर हलते, चासी हलत नाही. दांडी अगदी ताठ जुळवली, तर खड्ड्यातून जाताना पिनियन रिंगला शिवते.

पहिली चाचणी इग्निशन बंद ठेवूनच घ्यावी. पाच-सहा सेकंदांहून अधिक वेळ पेडल दाबून धरू नये आणि दोन प्रयत्नांत अर्धा-एक मिनिट विश्रांती द्यावी. याउपर इंजिन मंदच फिरत असेल, तर तारा पाहाव्यात. अनेक जुन्या गाड्या ६ व्होल्टच्या आहेत. तेवढ्याच शक्तीसाठी ६ व्होल्टला १२ व्होल्टच्या दुप्पट प्रवाह लागतो. बाजारात सहज मिळणारी आजच्या मोटारीची तार त्यासाठी अपुरी असते. ६ व्होल्टमधला १ व्होल्ट तारेत गेला, तर सहावा हिस्सा वाटेतच संपला. तेव्हा जाड तार, गंज घासलेली अर्थिंगची जागा आणि घट्ट टोके, एवढ्यानेच पुष्कळ सेल्फ बरे होतात.

बटण बसवावे का?

एवढा खटाटोप करण्यापेक्षा सोलेनॉइड आणि बटण बसवून मोकळे का होऊ नये, असा प्रश्न साहजिक आहे. गाडी रोज चालवायची असती, तर त्यात गैर काही नव्हते. पण जुन्या मोटारींचे स्थान आता बदलले आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली, व्यापारी वापर नसलेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यात मोडतात. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे आणि वापर प्रदर्शन, रॅली, संशोधन, देखभाल अशा कामांपुरता. सेल्फ बदलला म्हणून नोंदणी नाकारली जाईल, असा याचा अर्थ नव्हे. पण ज्या वाहनाचे मोलच मूळ स्वरूपात आहे, त्याचा चालता-बोलता भाग कापून टाकणे त्या हेतूशी विसंगत आहे.

ऐतिहासिक वाहनांच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाची ‘तुरीन सनद’ २०१३ पासून लागू आहे. जतन आधी, पुनर्बांधणी नंतर. बदल करावाच लागला, तर तो उलटवता येण्याजोगा आणि नोंदवलेला असावा, असा तिचा आशय. सामान्य मालकालाही हा नियम पाळता येतो. वयामुळे गुडघा साथ देत नसेल आणि बटण लावायचेच असेल, तर मूळ लिव्हर कापू नये, पेडलचे भोक वेल्डिंगने बुजवू नये आणि काढलेली साखळी तेल लावून, चिठ्ठी बांधून गाडीसोबतच ठेवावी. पुढच्या मालकाला ती परत लावता आली पाहिजे.

खर्चाचा हिशेबही बटणाच्या बाजूने झुकत नाही. साखळीच्या दुरुस्तीला लागतात चार-पाच पिना, दोन-तीन बुश, एक स्प्रिंग, काही वॉशर आणि एका चांगल्या कारागिराचे दोन दिवस. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात एखादा जुना पेडल वा लिव्हर नमुन्यासाठी मिळून जातो. उरलेले काम लेथवर होते. असा कारागीर आज पिंपळे गुरवपासून काही किलोमीटरच्या आत सापडतो. आणखी पंधरा वर्षांनी तो सापडेलच, याची खात्री देता येत नाही. त्यामुळे गाडी शेडमध्ये झाकून ठेवलेली असेल आणि ‘पुढे कधीतरी पाहू’ असा विचार असेल, तर निदान मापे आणि नमुने आत्ताच करून घेतलेले बरे.

चालकासाठी चार सवयी

पायखटका दुरुस्त झाल्यावर तो टिकणे चालकाच्या हाती, किंबहुना पायाशी असते. पेडल दाबण्यापूर्वी गिअर हलवून न्यूट्रलची खात्री करावी. पेडल चाचपडत दाबू नये. एका दमात, शेवटपर्यंत दाबावे. इंजिनाने पहिला धक्का देताच पाय उचलावा. आणि इंजिन एकदा धडकून बंद पडले, तर ते पूर्ण थांबेपर्यंत पुन्हा पेडलला पाय लावू नये. फिरत्या रिंगवर पिनियन आपटले, की एका क्षणात दाता तुटतो.

हात वा पाय आणि यंत्र यांच्यामधले अंतर आता वाढत चालले आहे. पायखटक्याच्या गाडीत ते केवळ एका दांडीएवढे होते. ती दांडी घट्ट आणि सरळ राहिली, तर ऐंशी वर्षांपूर्वीचे इंजिन आजही एका दाबात उत्तर देते.